दाराचे दोन आवाज

आमच्या पिकअपचं डावं दार लावायची एक रीत होती. आधी दार अर्धं ओढायचं, मग खालच्या कडेला गुडघा लावून ते बोटभर उचलायचं आणि तसंच धरून हलकेच लॉकात नेऊन बसवायचं. जोरात लोटलं तर ते खांबावरच्या कडीवर आदळून परत तोंडावर यायचं. ही रीत घरात फक्त बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, बिनचूक जमायची. त्यामुळे माय गाडीत बसली की बापू खाली उतरायचे, पुढून वळसा घालून तिच्या बाजूला जायचे, दार उचलून लावायचे आणि परत येऊन स्टेअरिंगवर बसायचे. पारावरच्या लोकांना हा फुकटचा तमाशा होता. "राणीसाहेबाला डायवर चांगला भेटलाय," असं कुणीतरी म्हणायचंच. बापू ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि माय पदर सावरून समोर बघत राहायची.

गाव आमचं आष्टीपासून जवळच. बापूंनी ही गाडी घेतली ती मोसंबीचे कॅरेट जालन्याला न्यायला, आणि घेतली तेव्हाच ती दुसऱ्याची वापरून झालेली होती. उजव्या दाराच्या बिजागऱ्या बापूंच्या गप्पांनी झिजल्या. रस्त्यात कुणी भेटलं की दार सताड उघडायचं, त्यावर दोन्ही कोपरं रोवायची आणि पाऊसपाण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं बोलून घ्यायचं. डाव्या दाराची वाट बागेतल्या माणसांनी लावली, कारण चढताना प्रत्येक जण दाराला लटकूनच चढायचा. उजवं दार जरा लोंबलं, डावं पुरतं खाली आलं.

मी जालन्यात एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करतो. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे, हे माझं काम. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे मला मोजण्याची आणि दुसऱ्याला शिकवण्याची खोड लागली आहे. त्यात स्वभाव तापट. माय म्हणते, "ह्याला सवाल करा, जवाब बराबर भेटतो. पण आधी बोलणं खावं लागतं."

पावसाळा संपता संपता बापूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की सहा महिने वजन उचलायचं नाही, आतले टाके सुटले तर या वयात पुन्हा पोट उघडणं सोपं नाही. आम्ही घरातली सगळी वजनं त्यांच्या नजरेआड केली. कॅरेट, खताच्या गोण्या, पाण्याच्या घागरी, सगळं. गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा मायला वाटलं, संकट टळलं.

त्यानंतरच्या रविवारी मी गावी गेलो तर दोघं आष्टीच्या बाजाराला निघालेले. माय बसली. बापू वळसा घालून गेले, गुडघा लावला, दार उचललं, लावलं. मग वळताना त्यांचा हात हळूच पोटाकडे गेला आणि चेहरा क्षणभर आवळला. मी ओट्यावरून ओरडलोच.

"बापू! डॉक्टर काय बोलला होता?"

"कॅरेट उचलू नको बोलला. दाराचं काय बोलला न्हाई."

"मंग दार काय कापसाचं हाये?"

"आरं, उचलल्याबिगर लागत न्हाई ते. तिला काय उघड्या दारात बसवून नेऊ?"

मायचा चेहरा उतरला. महिनाभर ती त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती, आणि तिच्याचसाठी ते रोज एवढं लोखंड पोटावर घेत होते. बाजार राहिला बाजूला. ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "मला न्हाई यायचं आता ह्या गाडीत." मला राग आला होता तो खरं तर माझाच. इतकी वर्षं ते दार बघत होतो आणि एकदाही पान्हा हातात घेतला नव्हता. मी दोघांनाही ऐकू जाईल असं जाहीर करून टाकलं की पुढच्या आठवड्यात दारं सरळ होतील, आणि त्यानंतर या घरात कुणी दार उचलायचं नाही.

नमुन्याला बिजागरीची एक पिन ठोकून काढली, तिच्या जागी बोल्ट अडकवला आणि डाव्या दाराचं लॉकही खोलून सोबत घेतलं. जुन्या जालन्यात एक म्हातारे लेथवाले चाचा आहेत. त्यांनी ती पिन बोटांत फिरवली. मधोमध इतकी झिजली होती की डमरूच्या कमरेसारखी दिसत होती. चार पिना आणि त्या ज्यात फिरतात ते पितळी बुश तयार करून देतो म्हणाले. मग लॉकात बोट घालून त्यांनी आतला दात दोनचारदा हलवून पाहिला.

"साब, इसका पयला दांत घिस गया. दूसरा पकडा तो दरवाजा बराबर, नै तो समझो खुल्लाच है. दो आवाज आना मंगता. एक आवाज पे गाडी नक्को हिलाओ."

नवं लॉक मिळालं तर बघा, असंही ते म्हणाले. मी दोन दुकानांत विचारलं. इतक्या जुन्या गाडीचं लॉक मागवावं लागेल म्हणाले. मी मागवायला सांगितलं आणि तोवर जुनंच बसवायचं ठरवलं. दाराची रबरं मात्र नवी घेतली, कारण जुनी खालून घासून घासून फाटली होती.

शनिवारी सकाळी अंगणात काम काढलं. उजवं दार सोपं गेलं. डाव्या दाराखाली जॅक लावला, जॅकवर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर घडी घातलेली जुनी गोधडी. माय हात पुसत बाहेर आली.

"मी धरू का एका बाजूनं?"

"तू कशाला? तुझं काय काम हितं? तू चहाचं बघ."

ती आत गेली. हे वाक्य मी असं बोलून गेलो की बोललो हेही मला तेव्हा कळलं नाही.

वरची पिन निघाली. खालची ठोकत होतो तेव्हा मुरमावरचा जॅक जरासा कलला, ठोकळा सरकला आणि दार माझ्या बाजूला झुकायच्या ऐवजी बापूंच्या बाजूला झुकलं. बापू लांब उभे राहतो म्हणून कबूल झाले होते. पण दार पडताना पाहून ज्याचे हात पुढे होणार नाहीत तो शेतकरी कसला. त्यांचे दोन्ही पंजे दाराखाली गेले. मी हातोडा टाकला आणि खांदा दाराला भिडवला. वजन माझ्यावर आलं तेव्हा मानेत कळ निघाली. "सोडा! हात काढा आधी!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. बापूंनी हात काढले. मी त्यांच्या पोटाकडे पाहत होतो आणि ते माझ्याकडे, चोरी पकडल्यासारखे.

"दुखलं का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"बिलकुल न्हाई, तुझी आन."

माझी आन घेतली म्हणजे खरं. आमच्या घरात पोराची शपथ कुणी खोटी घेत नाही, आणि घातली तर कुणी मोडत नाही. तरी मी त्यांना बाजेवर बसवलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लावलं. दुपारपर्यंत ते तसेच, मास्तरने शिक्षा केलेल्या पोरासारखे बसून होते. मी खांद्यावर दार पेलत, घाम पुसत, एकट्याने नवे बुश आणि पिना बसवल्या. लॉक बसवलं, कडी वर सरकवली, नवं रबर चिकटवलं. दार सोडलं तर ते होतं तिथेच उभं राहिलं, केसभरही खाली आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बापूंनी लावून पाहिलं. गुडघा आपसूक पुढे आला, दार उचलल्यासारखं झालं आणि त्यांनी ते हलकेच नेऊन टेकवलं. टक्. एकच आवाज. दार बंद दिसत होतं, पण हाताने ओढताच उघडलं.

"उचलायचं न्हाई आता," मी म्हणालो. "नुसतं लोटायचं, आणि जोरात. रबर नवं हाये, ते माघारी ढकलतं. टक् टक् असे दोन आवाज आले पाहिजेत. एका आवाजावर गाडी हलवायची न्हाई." चाचांचं बोलणं मी माझ्या नावावर खपवत होतो. बापूंनी पाचसहा वेळा सराव केला. प्रत्येक वेळी गुडघा पुढे यायचाच, आणि मी प्रत्येक वेळी टोकायचो.

"आता तुम्ही उतरायचंच न्हाई," मी शेवटी म्हणालो. "तिचं ती लावून घेईल."

मी डिझेलने हात धूत होतो तेव्हा माय चहा घेऊन आली. दाराकडे बघून तिला बरं वाटलं असावं. तिने विचारलं, "मला सांग की, कसं लावायचं आता?"

आणि मी, कपाकडे बघत, म्हणालो, "आता काय सांगायचं त्यात? कसंही लाव, लागतंय."

दुसऱ्या दिवशी जांबला जायचं होतं. बापूंचे टाके नीट भरले तर समर्थांच्या देवळात पुरणाचा नैवेद्य घेऊन येईन, असं मायने दवाखान्यातच बोलून ठेवलं होतं. दार सरळ झालं म्हटल्यावर ती गाडीत बसायला राजी झाली. दर्शन करून मला परस्पर जालन्याला जायचं होतं, म्हणून मी मोटारसायकलवर, त्यांच्या मागे.

माय बसली, मांडीवर डब्याची पिशवी. बापू स्टेअरिंगवर बसले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी आपलं दार उघडून एक पाय खाली टाकला. मी मागून हात हलवला, बसा, बसा. त्यांनी पाय आत घेतला. मायने आतून हँडल धरलं, बापू करत तसंच दार आधी वर उचललं आणि मग हळूच, भांड्यावर झाकण ठेवावं तसं ओढून घेतलं. आवाज आला. एक की दोन, ते माझ्या गाडीच्या फटफटीत कळलं नाही. खरं म्हणजे मी मोजलेच नाहीत.

गाव सोडून कालव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला डाव्या दाराच्या फटीतून मायच्या लुगड्याचा हिरवा काठ फडफडताना दिसला. आधी वाटलं, लावताना अडकला असेल. पुढे एक खड्डा आला आणि दार हललं. काठ नव्हे, दार. बोटभर बाहेर आलं आणि परत आत गेलं. दारालाच टेकून मायचा खांदा होता.

पहिल्या दातावर दार, आणि पहिला दात गेलेला. मायच्या बाजूचा पट्टा सीट कव्हरखाली गाडला गेलेला, तो आम्ही कधी वर काढलाच नव्हता.

मी हॉर्न वाजवला. बापूंचा हात खिडकीतून बाहेर आला आणि त्यांनी मला पुढे जायची खूण केली. परत वाजवला, परत तीच खूण, या वेळी जरा वैतागून. पुढे निघावं तर समोरून उसाचे ट्रॅक्टर, एकामागे एक, दोन दोन ट्रॉल्या लावलेले. डावीकडून घुसावं तर मुरमाची कड आणि खाली कालवा. आणि पुढे जाऊन करणार काय? हात दाखवला असता तर बापूंनी कचकन ब्रेक मारला असता, आणि ब्रेकच्या धक्क्याने दार पुढे उघडलं असतं. ओरडून सांगावं, दार उघडं आहे म्हणून, तर मायने पहिली गोष्ट काय केली असती हे मला लख्ख दिसत होतं. तिने हँडल धरून दार पूर्ण उघडलं असतं, नीट उचलून लावायला. आणि अर्ध्या किलोमीटरवर नाल्याचा पूल होता. पुलावर चढताना रस्ता उजवीकडे झपकन वळतो, म्हणजे गाडीतलं सगळं डाव्या दारावर येतं. त्या वळणावर कठडा नाही, खाली दगड आहेत.

एका हाताने गाडी सांभाळत मी फोन काढला. असं करू नये, हे मी दुसऱ्यांना शंभरदा ऐकवलं आहे. बापू गाडी चालवताना फोन घेत नाहीत, म्हणून मायला लावला. तिचा फोन बटव्यात, बटवा कमरेला. घंटी वाजत राहिली. पाचवी, सहावी. मागच्या काचेतून मला तिचं डोकं खाली वाकलेलं दिसलं. बटव्याची नाडी सोडण्यासाठी ती दारावर आणखी रेलली आणि काठ हातभर बाहेर आला.

"हॅलो? कोन हाये?"

"माय, मी हाये. ऐक."

"आवं, पोराचा फोन हाये. आरं, मागंच येऊन राह्यलास ना, मंग फोन कशाला?"

"माय, बापूकडं सरकून बस."

"काय म्हणलास?"

"सरक. बापूला चिकटून बस. आत्ता."

"येडा झाला का? रस्त्यानं लोकं बघून राह्यले."

पन्नासएक वर्षांच्या संसारात ही बाई चारचौघांत नवऱ्याला चिकटून बसलेली कुणी पाहिली नव्हती. गाडीत दोघांच्या मध्ये कायम एक पिशवी असायची, नाहीतर पिशवीएवढी जागा. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि वळण दिसायला लागलं होतं.

"माय, तुला माझी आन हाये. दाराला हात लावू नको. सरक."

काचेतून दिसलं, डावीकडचं डोकं उजवीकडे सरकलं. मी फोनमध्ये ओरडत होतो, "बापूला म्हण हळू घ्या, ब्रेक मारू नका," पण फोन तिच्या मांडीवर नाहीतर खाली पडलेला असावा, कारण मला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग गाडी उजवीकडे वळली.

दार उघडलं. नुसतं उघडलं नाही, नव्या पिनांवर कुठेही न अडखळता सताड गेलं. जुन्या बिजागऱ्या असत्या तर कदाचित अर्ध्यात अडकलं असतं. डब्याची पिशवी बाहेर पडली, डबा दगडांवर आपटत नाल्यात गेला, पोळ्या रस्त्यावर विखुरल्या. मी फक्त दाराकडे बघत होतो. त्यातून आणखी काही पडतंय का, एवढंच. पूल संपला, दार आपोआप मागे येऊन धाडकन आदळलं, परत उघडलं. पलीकडे बापूंनी गाडी हळूहळू कडेला घेतली.

मी पोचलो तेव्हा माय सीटच्या मधोमध, गियरला गुडघे टेकून बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी बापूंचा दंड धरला होता. बापूंच्या सदऱ्याची बाही खांद्यापाशी टराटरा उसवली होती. बापू माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी उतरून राह्यलो होतो. तू बस म्हणलास."

"त्याला कशाला बोलता?" माय म्हणाली. "माझ्याच हातानं बराबर लागलं न्हाई."

तेव्हा मात्र मला रडू आलं. भर रस्त्यात, पन्नाशीला टेकलेला माणूस. "माय, चूक तुझी न्हाई," मी म्हणालो. "तू इचारलं होतंस. मी सांगितलं न्हाई."

तिने बापूंचा दंड सोडला, खाली उतरली, पदर खोचला आणि उघड्या दारापाशी उभी राहिली.

"मंग आता सांग."

मी सांगितलं. उचलायचं न्हाई, लोटायचं, दोन आवाज. मी दारावरचा तिचा हात धरायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला. पहिल्यांदा एकच आवाज आला. दुसऱ्यांदा खांदा लावून लोटलं. टक् टक्. मग आत बसून आतून ओढून तीन वेळा. बापू रस्त्यावरच्या पोळ्या गोळा करून कडेला गवतावर ठेवत होते, कुत्र्यांना म्हणून. देवळात त्या दिवशी आम्ही नारळच वाहिला.

दर्शन झालं. माझा रस्ता तिथून वेगळा होणार होता, पण मी मोटारसायकल बंद ठेवून त्यांच्या गाडीपाशी उभा राहिलो. माय बसली. बापू स्टेअरिंगवरून उतरले आणि पुढून वळसा घालून तिच्या बाजूला यायला लागले. ते बोनेटपाशी असतानाच तिने दार ओढलं. जोरात, असं की देवळासमोरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"ऱ्हाऊ द्या," ती खिडकीतून त्यांना म्हणाली. "माझं दार मी लावते."

बापू तिथेच थांबले. उसवलेली बाही सारखी करून ते माघारी फिरले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मोजलेस का?"

"दोन," मी म्हणालो.

"हां. मंग जा आता, हळू जा."